आईच्या मोबाइलवर टीव्ही लावून देताना

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या उतरणीवर आहे. पावसाळ्यात तिथे टीव्ही बघायचा तर दोन गोष्टी जुळून याव्या लागतात: लाइट असली पाहिजे आणि डिशला सिग्नल मिळाला पाहिजे. डिशचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या जोरदार पावसात वाटेतच शोषल्या जातात, म्हणून मोठी सर आली की पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी येते. डिशची छत्री कितीही नीट बसवली तरी यावर इलाज नाही. मग उरतो तो आईच्या हातातला मोबाइल.

मी मुंबईत नोकरीला. दर गणपतीला गावी गेलो की मखर उभं राहिलं की लगेच आईचा फोन हातात घ्यायचा, हे ठरलेलं काम. हळूहळू वाडीतल्या काकू, आत्या, शेजारचे अण्णा असे सगळेच फोन घेऊन ओटीवर यायला लागले. ‘मालिका लागत नाही’, ‘नेट दुपारीच संपतं’, ‘पैसे कापले गेले’ या तीन तक्रारींतच बहुतेकांचं दुखणं सामावलेलं असतं. इतके फोन हाताळल्यावर मला एक क्रम सापडला: आधी कागद, मग डेटाचं गणित आणि शेवटी ॲप. लोक उलट करतात, आधी ॲप टाकतात, म्हणून गाडी अडते.

आधी कागद घ्या

समोर बसून विचारा, तुम्ही नेमकं काय बघता? ‘सगळं बघते’ असं उत्तर येईल, पण थोडं खोदलं की दोन मालिका, एक बातम्यांची वेळ आणि सणावाराला देवदर्शन एवढंच निघतं. ते लिहून काढा आणि प्रत्येकासमोर वाहिनीचं नाव लिहा.

आता वाहिनी कुठल्या ॲपवर असते ते पाहू. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर असतात. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी, दोन्ही जिओहॉटस्टारवर. हॉटस्टार आणि जिओसिनेमा ही पूर्वीची दोन वेगळी ॲप १४ फेब्रुवारी २०२५ पासून एक झाली. ज्यांच्या फोनमध्ये अजून जुन्या नावांची आठवण आहे त्यांना हे आवर्जून सांगावं लागतं. सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह, सन मराठीसाठी सन नेक्स्ट.

बातम्यांसाठी वेगळं ॲप टाकूच नका. एबीपी माझा, टीव्ही नाइन मराठी, झी चोवीस तास, साम या वाहिन्या यूट्यूबवर थेट चालू असतात, पैसे न भरता. आईच्या यूट्यूबमध्ये तिच्या आवडीची एकच वाहिनी सबस्क्राइब करून ठेवली की काम झालं. देवदर्शनाचंही तसंच. लालबागच्या राजाचं दर्शन गणपतीत यूट्यूबवर थेट दिसतं. मात्र त्याच नावाचे नक्कल चॅनेल त्या दिवसांत उगवतात आणि देणगी मागतात, तेव्हा मंडळाचं अधिकृत चॅनेल आपणच शोधून द्यावं.

आणि सह्याद्री. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि आईच्या वयाच्या माणसांना अजूनही बातम्या तिथल्याच खऱ्या वाटतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ नावाचं ॲप आणलं. त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात, आकाशवाणी ऐकता येते आणि जुने कार्यक्रमही आहेत. वाडीतल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये मी सगळ्यात आधी हेच टाकतो.

घरात जिओचं सिम असेल तर जिओटीव्ही हा सोपा मार्ग आहे. एकाच ठिकाणी बऱ्याच वाहिन्या थेट दिसतात आणि जिओच्या नंबरानेच प्रवेश मिळतो. डिशचं रिचार्ज चालू असेल तर त्या कंपनीचं मोबाइल ॲप आहे का तेही बघा. टाटा प्लेसारख्या कंपन्या ग्राहकाला त्याच्या वाहिन्या फोनवरही दाखवतात. म्हणजे एकाच वाहिनीचे पैसे दोनदा भरायची वेळ येत नाही. हे न बघता वेगळी वर्गणी भरलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

डेटाचं गणित

हा भाग सावकाश वाचा, कारण ‘नेट दुपारीच संपतं’ याचं उत्तर इथे आहे.

व्हिडिओ दर सेकंदाला किती माहिती ओढतो ते एमबीपीएसमध्ये मोजतात. १ एमबीपीएसने तासभर पाहिलं तर ४५० एमबी जातात. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ३६०० सेकंदांना ८ ने भागलं की हा आकडा येतो. एवढं एक लक्षात ठेवलं की बाकी सगळं हिशेबाने निघतं. चित्राची प्रत, म्हणजे स्पष्टता, ३६० पी असेल तर व्हिडिओ साधारण ०.६ एमबीपीएस घेतो, म्हणजे तासाला २७० एमबी. ४८० पी ला साधारण १ एमबीपीएस, म्हणजे ४५० एमबी. ७२० पी ला २ च्या आसपास, म्हणजे ९०० एमबी. आणि १०८० पी ला ४ धरले तर तासाला १.८ जीबी.

आता रोज दीड जीबीचा पॅक घ्या. १०८० पी वर तो ५० मिनिटांत संपतो. ७२० पी वर एक तास चाळीस मिनिटं टिकतो. ४८० पी वर तीन तास वीस मिनिटं, म्हणजे दोन मालिका, बातम्या, आणि वर भावाचा व्हिडिओ कॉलही बसतो. सहा इंचांच्या पडद्यावर ४८० पी आणि १०८० पी मधला फरक साठीच्या डोळ्यांना फारसा जाणवत नाही. मी आईसमोर दोन्ही लावून विचारलं. तिने ‘दोन्ही सारखंच’ असं सांगितलं आणि पुढचा भाग बघू लागली.

दिवसाचा डेटा संपल्यावर नेट पूर्ण बंद होत नाही, पण वेग सहसा ६४ केबीपीएसवर उतरतो. त्यावर निरोप जातात, व्हिडिओ चालत नाही, गोल चक्र फिरत राहतं. आईला वाटतं फोन बिघडला. रात्री १२ नंतर नवा डेटा मिळतो आणि सकाळी फोन आपोआप ‘बरा’ होतो. ‘सकाळी चालतो, दुपारी बंद पडतो’ अशी तक्रार आली की दुरुस्तीच्या दुकानात जाण्याआधी डेटा तपासा.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ॲप फुकट आहे म्हणजे डेटाही फुकट, असं नसतं. वाहिनी बघायला पैसे लागत नसले तरी डेटा तुमच्या पॅकमधूनच जातो.

म्हणून प्रत्येक ॲपच्या सेटिंग्जमध्ये जाऊन व्हिडिओ क्वालिटी शोधा आणि ‘ऑटो’ काढून मधली किंवा ‘डेटा सेव्हर’ निवडा. काही ॲपमध्ये मोबाइल डेटा आणि वायफाय यांच्यासाठी वेगळे पर्याय असतात. मोबाइल डेटासाठी कमी, वायफायसाठी जास्त ठेवा. यूट्यूबमध्येही व्हिडिओ क्वालिटीखाली हेच दोन पर्याय मिळतात. एकेका ॲपमध्ये हे वेगळं करावं लागतं, एकदाच करून सगळीकडे लागू होत नाही. त्यानंतर प्ले स्टोअरमध्ये जाऊन ॲप आपोआप अपडेट होणं ‘फक्त वायफायवर’ करा आणि व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. सकाळच्या शुभेच्छांचे व्हिडिओ किती डेटा खातात हे तेव्हा कळतं.

ॲप टाकताना

ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्या. नाव शोधल्यावर खाली कंपनीचं नाव आणि किती लोकांनी उतरवलं तो आकडा बघा. मोठ्या वाहिनीचं ॲप कोट्यवधींनी घेतलेलं असतं. आकडा काही हजारांत असेल तर ते दुसरंच काहीतरी आहे.

कुठल्याशा ग्रुपवर ‘सगळ्या मराठी वाहिन्या फुकट’ म्हणून एक फाइल फिरत होती. आमच्या एका आत्याने ती टाकली. दुसऱ्या दिवसापासून फोन उघडला की जाहिरात, बंद केला की जाहिरात, आणि न सांगता उघडणारी पानं. अशा फाइलला मेसेज वाचायची परवानगी दिली असेल तर बँकेचा ओटीपीही तिच्या हाती लागू शकतो, ही खरी भीती आहे. आम्ही ती काढली, बँकेचं ॲप पुन्हा घातलं, पासवर्ड बदलले, त्यात अख्खी दुपार गेली. म्हणून वाडीत मी एकच सांगतो: फाइल मेसेजमधून आली असेल तर ती कोणीही पाठवलेली असो, उघडायची नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायचा. तास-दोन तासांत कळवलं तर रक्कम पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

अशाच फाइलवाल्यांचा आणखी एक दावा असतो, ‘इंटरनेटशिवाय टीव्ही’. ही कल्पना खोटी नाही, फक्त ती ॲपने होत नाही. दक्षिण कोरियात २००५ मध्ये आणि जपानमध्ये एप्रिल २००६ पासून फोन थेट टॉवरवरून टीव्हीचे सिग्नल पकडू लागले, जसा रेडिओ पकडतो तसे. जपानी फोनला त्यासाठी बारीकशी अँटेनाही असायची. आपल्याकडे प्रसार भारती, कानपूरची आयआयटी आणि बंगळुरूची सांख्य लॅब्स यांनी मिळून ‘डायरेक्ट टू मोबाइल’ नावाने याच्या चाचण्या घेतल्या आहेत. पण त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते. आज आईच्या हातात असलेल्या फोनमध्ये ती नाही, आणि कुठलंही ॲप टाकून ती येणार नाही. ही सोय खरोखर गावात पोचावी असं मला मनापासून वाटतं, कारण वादळात लाखो लोकांना एकाच वेळी इशारा द्यायला त्यासारखं साधन नाही. तोवर ‘नेटशिवाय टीव्ही’ म्हणणारी फाइल दिसली की ती पुसा.

खातं कोणाच्या नंबरावर?

मुंबईतली मुलं हौसेने आपल्या नंबरावर खातं काढतात आणि आईच्या फोनमध्ये उघडून देतात. दोन महिन्यांनी ॲप खात्यातून आपोआप बाहेर पडतं, ओटीपी मुलाच्या फोनवर येतो, मुलगा लोकलमध्ये लटकलेला असतो आणि तिकडे मालिकेची वेळ टळून जाते. खातं आईच्याच नंबरावर काढा. वर्गणी मात्र आपल्या फोनवरून भरा आणि ती भरतानाही फक्त मोबाइलपुरता स्वस्त पर्याय आहे का ते आधी शोधा. अनेक साध्या फोनना वाहिन्यांच्या ॲपमध्ये उच्च प्रत मिळतच नाही, कारण चोरी रोखण्यासाठी लागणारी सुरक्षेची वरची पातळी त्या फोनमध्ये नसते. मग एचडीचा महाग पॅक भरूनही चित्र साधंच दिसतं. किमती आणि अटी वरचेवर बदलतात, तेव्हा भरायच्या दिवशी ॲपमध्ये दिसेल तेच खरं धरा.

पैसे भरताना ‘ऑटोपे’ला, म्हणजे दर खेपेला आपोआप पैसे कापायला, होकार जातो हे ध्यानात ठेवा. ॲप काढून टाकलं तरी ऑटोपे थांबत नाही. ते थांबवायला तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट असा विभाग असतो, तिथे जाऊन त्या सेवेसमोर ‘रद्द’ करावं लागतं. कार्डाने वर्गणी भरली असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं असतं. तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका, रद्द करायची संधी तीच.

रेंज

आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, पडवीवर पत्रा. जाड भिंत सिग्नल अडवते आणि पत्रा तर आरशासारखा परतवतो. म्हणून माजघरात एक रेघ, ओटीवर तीन. हे प्रत्येक घरात वेगळं असतं, तेव्हा फोन हातात घेऊन घरभर फिरा आणि जिथे व्हिडिओ न थांबता चालतो ती जागा शोधून तिथे खुर्ची ठेवा. आमच्याकडे ती जागा पूर्वेच्या खिडकीत निघाली. टॉवर कुठल्या डोंगरावर आहे हे माहीत असेल तर त्या बाजूची खिडकी आधी तपासा. डोंगराळ भागात फाइव्ह जी येत-जात असेल तर नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये फोर जी ठरवून टाका. फोन दोन्हींत उड्या मारत राहिला की व्हिडिओ अडतो आणि बॅटरीही उतरते.

थेट प्रक्षेपण आणि मालिकेचा तयार भाग यांतही फरक आहे. तयार भाग पाहताना फोन पुढची काही मिनिटं आधीच ओढून ठेवू शकतो, त्यामुळे रेंज मधेच गेली तरी चित्र चालू राहतं. थेट वाहिनीत साठवायला पुढचं काही नसतंच. रेंज कमी असेल तर ८ वाजता थेट बघण्याचा हट्ट सोडून थोड्या वेळाने ॲपमध्ये आलेला भाग बघणं शहाणपणाचं. आणि फोनवरचं थेट चित्र डिशपेक्षा बऱ्याच सेकंदांनी मागे असतं, कारण व्हिडिओचे छोटे तुकडे करून ते एकामागून एक पाठवले जातात. क्रिकेट बघताना शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी ऐकू येतो तो याचमुळे. फोनमध्ये काही बिघाड नसतो.

लाइट गेली तर

लाइट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही संपते आणि मोबाइल असून नेट नसतं. चक्रीवादळाच्या दिवसांत कोकणाने हे भोगलं आहे. यावर उपाय आधी करावा लागतो: भाग उतरवून ठेवा. ॲपमध्ये भागाशेजारी खाली बाण असलेलं चिन्ह दिसलं तर तो उतरवता येतो. बावीस मिनिटांचा भाग ४८० पी मध्ये साधारण १६५ एमबी घेतो, म्हणजे आठवड्याचे सहा भाग एका जीबीत बसतात. रात्री साडेअकराला दिवसाचा डेटा उरलेला दिसला की तेव्हाच उतरवून घ्या, नाहीतर बाराला तो जातो. उतरवलेले भाग काही दिवसांनी आपोआप बंद होतात, तेव्हा महिन्याचा साठा करण्यात अर्थ नाही. मुंबईच्या लोकलमध्ये रेंज गेली तरी हेच कामी येतं, फक्त कानात इयरफोन घालूनच बघा.

घरात एक पॉवर बँक भरून ठेवलेली असू द्या. व्हिडिओ बघताना सगळ्यात जास्त बॅटरी पडदा खातो, म्हणून उजेड निम्म्यावर आणा. पत्र्यावर पाऊस वाजत असताना फोनचा आवाज ऐकू येत नाही. तारेचा इयरफोन स्वस्तात मिळतो आणि त्याला चार्जिंग लागत नाही. दोघांना एकत्र बघायचं असेल तर छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या.

मोठ्या टीव्हीवर दाखवायचं असेल तर

लाइट आहे पण डिश बंद, अशा वेळी स्मार्ट टीव्हीला फोनचा हॉटस्पॉट जोडता येतो. सावध राहा, टीव्हीवरचं ॲप स्वतःहून उंच प्रत ओढतं आणि दीड जीबी तासाभरात उडतो. टीव्हीच्या ॲपमध्येही प्रत कमी करून ठेवा. जुना टीव्ही असेल तर फोनच्या टाइप सी खोबणीतून एचडीएमआयची वायर लावायचा मोह होतो. पण बऱ्याच स्वस्त फोनमध्ये त्या खोबणीतून चित्र बाहेर जातच नाही. वायर विकत घेण्याआधी दुकानातच फोन लावून बघा.

परदेशात राहणाऱ्या भावंडांसाठी एवढंच: वाहिन्यांचे हक्क देशानुसार विकले जातात. भारतातलं खातं तिकडे उघडेलच असं नाही, तेव्हा त्या त्या देशात ॲप काय देतं ते पाहून तिकडेच वर्गणी घ्या.

निघण्याआधी

मुख्य पडद्यावर फक्त तीन-चार ॲप ठेवा, तीही खालच्या ओळीत, अंगठ्याला लागतील अशी. बाकी सगळी आतल्या पानावर. अक्षर मोठं करा. फोन आडवा केल्यावर चित्र आडवं व्हावं म्हणून ‘ऑटो रोटेट’ चालू ठेवा. फोन टेकवायला स्टँड द्या, कारण तासभर हातात धरल्याने आईचं मनगट दुखायचं आणि ते तिने कधी सांगितलं नव्हतं. ॲपच्या सूचना बंद करा, नाहीतर ऑफरच्या पाट्यांवर चुकून बोट पडतं.

सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही लावून दाखवू नका. फोन आईच्या हातात द्या आणि आपले हात मागे बांधा. ती चुकेल, परत मागे येईल, वैतागेल. थांबा. मालिका तीनदा तिने स्वतः लावली की चौथ्यांदा तुम्हाला फोन येणार नाही. पायऱ्या तिच्या शब्दांत कागदावर लिहा. आमच्या कागदावर ‘जांभळं चौकोन दाबणे, मग आपल्या मालिकेचा फोटो’ असं आहे. तिला ॲपचं नाव पाठ करायची गरजच पडली नाही. कागद खिडकीशेजारी चिकटवा.

मग निघायच्या आदल्या संध्याकाळी, मालिकेच्या वेळेला, घरातला मेन स्विच बंद करा आणि तिला म्हणा, ‘आई, आता लाव.’